नकाशावरची लाल फुली

धाहरान, सौदी अरेबिया, मंगळवार, ऑगस्ट २००५

आज आमच्या अमेरिकन साहेबाने ऑफिसच्या प्लॉटरवर माझ्याकडून त्याच्या शिकारीचा नकाशा छापून घेतला. शिकार मूसची. मूस म्हणजे रेड्याहून थोराड, फावड्यासारख्या शिंगांचं हरीण. त्यातल्या एका नराच्या परवान्यासाठी साहेब अमेरिकेत कित्येक वर्षं सोडतीत नाव घालत होता, ते यंदा निघालं. असा परवाना पुन्हा मिळणे नाही. आणि त्या जंगलात त्याने कधी पाऊलही टाकलेलं नाही.

नकाशावर एका तळ्याशी लाल फुली आहे. इंटरनेटवर भेटलेल्या कुणा शिकाऱ्याने म्हणे ती जागा सांगितली. अशीच, आपणहून! अळंबी कुठे उगवते हे आमची आई सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर गोड हसून भलताच डोंगर दाखवते. ती लाल फुली बघितली आणि मला आईचं ते हसू आठवलं.

न राहवून साहेबाला विचारलंच, "हा माणूस तुम्हाला मुद्दाम लांब पाठवत नसेल ना?"

साहेब हसला. "आमच्याकडे शिकारी एकमेकांना मदत करतात. तू फार संशयी आहेस."

असेन बुवा. मीच कोत्या मनाचा.

मग नकाशा गुंडाळून साहेब इथल्या अरबांसारखं "खलास" म्हणाला, दारापर्यंत गेला आणि परत आला. हळूच म्हणाला, "शेजारच्या केबिनमधल्याला ही फुली दाखवू नकोस हं. तोही सोडतीत नाव घालतो. पुढच्या वर्षी त्याचं निघालं तर?"

आणि हसला. अगदी आईसारखा.