पुढचा वाढदिवस कुणाचा

ता. १७, गुरुवार

चि. भोंग्यास ताईचा आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. तू कसा आहेस ते विचारत नाही. सात वर्षं विचारलं नाही, आता विचारून काय पुण्य लागणार? मुद्द्यावर येते. ती बाई तू पाठवलीस का?

कोणती बाई म्हणून साळसूदपणा करू नकोस. मंगळवारी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा फोन. म्हणे, मोठी माणसं गांजा, त्याची तेलं, गोळ्या घेतात का, कशासाठी घेतात, याचा अभ्यास चाललाय. घर यंत्राने निवडलं म्हणे. यंत्राला आख्ख्या गल्लीत माझंच दार दिसलं होय? शेजारच्या शिंप्याचं नाही, समोरच्या मास्तरणीचं नाही! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

वर नियम ऐक. घरात माणसं कितीही असोत, प्रश्न एकालाच. ज्याचा वाढदिवस आधी येणार त्याला. मी पटकन म्हटलं, "आमच्या ह्यांचा. आणि ते घरात नाहीत." तर आतून तुझे दाजी ओरडले, "माझा झाला की गेल्या महिन्यात! तुझ्या लक्षात नव्हता ती गोष्ट वेगळी!"

झालं. मीच सापडले. आणि दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही असाही नियम, म्हणून दाजींना बाहेर कट्ट्यावर बसवलं.

तिने आधी चित्रांचा कागद दाखवला. विडी, बाटली, गोळ्या. आणि एका चित्रात पत्र्याचा गोल डबा, आत सुका पाला. भोंग्या, हुबेहूब आपल्या घरातला तो डबा! मी विचारलं, "हा फोटो कुणी दिला तुला?" ती म्हणाली, "सगळ्यांना हाच कागद दाखवतो, मावशी." सगळ्यांना! माझा नाही विश्वास. तो डबा घरात तिघांनीच पाहिलेला. दाजी तर सांगणार नाहीत. मग राहिलं कोण?

"यातलं कधी काही घेतलंत?"

"नाही."

तिने बोट टेकवलं आणि उठलीच. मी म्हटलं, "बस? एवढ्यासाठी आलीस?" म्हणाली, "नाही म्हटलं की पुढचे प्रश्न उघडतच नाहीत."

आता मला सांग, पुढचे प्रश्न काय असतील, याचा घोर लागणार नाही का माणसाला? मी म्हटलं, "उघड, मला बघायचेत." ती म्हणाली, "बघण्यापुरतं हो लिहिता येत नाही. खरं असेल तर लिहीन."

दारातून दाजींची पाठ दिसत होती. मी आवाज खाली घेतला आणि म्हटलं, "लिही मग."

मग तिने खोदून खोदून विचारलं. पहिल्यांदा कितव्या वर्षी? चौतिसाव्या. कशासाठी? हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दिवसाला चारशे चादरी दाबायच्या, कोपरं अशी पेटायची की घास तोंडाशी नेता येत नसे. सोबतच्या बाईने पुडी दिली, झोप लागली, मग लागतच गेली. कुठे ठेवत होतात? बटणांच्या डब्यात. आता? छे. तो डबा गेला त्या दिवसापासून शिवले नाही, कोपरं अजून पेटतात.

शेवटचा प्रश्न ऐक. "तुमच्या घेण्यामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं का?"

तू आमच्याकडे राहायला येऊन नऊ दिवस झाले होते. बसचा ड्रायव्हर म्हणून नवी वर्दी खुंटीला होती. ट्रंकेमागून दाजींनी डबा काढला आणि सरळ तुझ्यावर घसरले, "हा नशेबाज माणसं वाहून नेणार?" तू माझ्याकडे बघितलंस. मी पातेलं घासत होते. पातेलं स्वच्छ होतं, तरी घासत होते. दाजींनी डेपोत कळवलं, तुझी नोकरी गेली, तू गेलास.

मी तिला म्हटलं, "झालं. एकाचं." तिने एवढंच टिपलं. कोण, काय, काही नाही. कागदावर नाव नसतं म्हणाली, नुसता आकडा असतो. माझी सात वर्षं एका चौकटीत मावली, बघ.

तुझ्यावर मी संशय घेते आहे, हे कळतंय मला. चोराच्या मनात चांदणं. पण दुसरा संशय सातही वर्षं आहे. त्या दिवशी तू एकदासुद्धा "माझा नाही" म्हणाला नाहीस. एवढा बोलभांड तू, गप्प का राहिलास?

या घरातला पुढचा वाढदिवस खरा तुझा, येत्या सत्तावीस तारखेला. तू इथे असतास तर तिने तुलाच विचारलं असतं, तू खरं खरं "नाही" म्हटलं असतंस आणि बाई वाटेला लागली असती.

पाकीट चिकटवायच्या आधी हे पत्र दाजींना वाचायला देणार आहे. ज्या हाताने डेपोत कळवलं त्याच हाताने आता खरं काय ते कळवा, असंही सांगणार आहे. नंतर घरात काय होईल ते होवो. सत्तावीसला ये किंवा नको येऊस.

पण उत्तर पाठव. त्या दिवशी तुला ठाऊक होतं ना? हो की नाही, एवढंच लिही. "सांगता येत नाही" अशी चौकट मी ठेवलेली नाही.

तुझी ताई,
डबा जिचा होता ती