सातवा फोटो

प्रिय ठमू,

तू निवडलेल्या बारा फोटोंची यादी सोमवारीच मिळाली. आईच्या प्रदर्शनाची छपाई माझ्या होकारासाठी अडली आहे, हेही कळलं. तरी चार दिवस मी गप्प बसलो. रागावू नकोस. अकरा फोटोंना माझा डोळे मिटून होकार आहे. सातव्याबद्दल मात्र लिहायचं आहे. असलं काही मला फोनवर बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

मी बरा आहे. खरंच बरा आहे. घर झाडतो, दोन वेळचं शिजवतो, भाजी अजून अधूनमधून खाली लागते. संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या माळावर फिरून येतो. पूर्वी खांद्यावर ट्रायपॉड टाकून आईच्या मागे जायचो, तीच वाट.

आई सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचायची आणि कॅमेरा बाहेरच काढायची नाही. आधी झाडाभोवती चकरा. मावळतीच्या उजेडासमोर काळं दिसणारं झाड म्हणजे नुसती आकृती, त्यात पान नाही, साल नाही, चूक लपवायला जागा नाही, असं तिचं म्हणणं. दोन झाडं एकमेकांवर आली की त्यांचा गोळा होतो, म्हणून मधे उजेडाची फट दिसेपर्यंत ती बाजूला सरकत राहायची. एकदा सरकता सरकता चरात पडली, पण कॅमेरा वर धरून. उजेड मोजायचा तो आकाशाचा, झाडाचा नाही. सूर्य खोडाआड घ्यायचा. मी मधे आलो की लगेच, "अहो, बाजूला व्हा, तुमच्या डोक्यातून फांदी फुटलीय!" सूर्य बुडाला की माळावरचे लोक परतायचे, मलाही घरी जायची घाई. तिचं खरं काम तेव्हा सुरू व्हायचं. पुढच्या पंधरा मिनिटांत आकाशाला जो रंग चढतो, त्याकडे पाठ फिरवणारा नवरा नशिबी आला, असं ती टाकीच्या रखवालदाराला सांगायची. तो हसायचा, मग मीही हसायचो.

विजेच्या तारांशी मात्र तिचं हाडवैर. एका तारेपायी ती काट्यांतून शंभर पावलं मागे जायची. म्हणूनच तर सातवा फोटो तुला इतका भिडला. त्याखाली लावायला तू लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटच्या दिवसांत आईने कोपऱ्यातली तार मुद्दाम राहू दिली, आयुष्यभराची शिस्त सोडून ती मोकळी झाली होती, असं तू लिहिलं आहेस. ते लिहिल्यावर कितीतरी महिन्यांनी स्वस्थ वाटलं, असंही कळवलंस. त्यामुळेच माझा हात अडला.

ठमू, तो फोटो आईचा नाही. ती गेल्यावर तीन महिन्यांनी मी काढला. कॅमेऱ्यातली तारीख कधीच बरोबर नव्हती, आणि मी तुला अख्खं कार्ड उतरवून पाठवलं, त्यात तोही आला. तार मुद्दाम ठेवलेली नाही. मला ती दिसलीच नाही. पस्तीस वर्षं नकाशांवर रेषा ओढणाऱ्या माणसाला! आई मोकळीबिकळी काही झाली नव्हती गं. शेवटच्या आठवड्यात तिला उठवत नव्हतं, तरी पलंगावरून तिने मला खिडकीचं दार तीनदा हलवायला लावलं, कारण बाहेरची फांदी त्याच्याआड जात होती. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा म्हणाली, "हं, आता राहू द्या." आणि बराच वेळ बघत पडून राहिली. ती शेवटपर्यंत होती तशीच होती, आणि समाधानात होती. तेव्हा सातवा फोटो काढून टाक आणि त्याखालची ती ओळही. एवढं सांगायलाच लिहायला बसलो. तू त्या फोटोचं केलेलं कौतुक चार दिवस मी गुपचूप स्वतःकडे ठेवून घेतलं. बरं वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

तुझाच,
बाबा