खिळ्यावरचा कर्णा

व्हर्माँट,
३ ऑक्टोबर १८६१

चि. लूशियस यास एल्कानादादाचे अनेक उ. आ.

आईचा पत्र्याचा कर्णा आठवतो का रे? दुपारी बाराला त्याची एक लांब हाक यायची, की आपण दोघे मक्याच्या शेतातून जेवायला धावत सुटायचो. तोच अवेळी वाजला, तर सारं गाव हातातलं टाकून आपल्या अंगणात जमायचं. कुठे आग लागलेली असायची, नाहीतर कोणी गेलेलं. हल्ली भर वर्गात मला तो ऐकू येतो. घरी येऊन पाहतो, तर आपला खिळ्यावर गप्प लटकलेला.

भीती कशाची, ते सांगतो. दक्षिणेशी लढायला निघालेल्या गावच्या पोरांनी रिवाजाप्रमाणे हात वर करून आपल्या तुकडीचा कप्तान निवडला, आणि तो निघाला आमचा सायलस. का, तर तो ओरडत नाही. मर्सी टटलबाईंचा ओरिन म्हणाला, दुसरा उमेदवार बापासारखा खेकसतो, त्यापेक्षा मास्तरांचा सायलस बरा. सायलसने जन्मात एकदा बंदूक धरली ती खारीवर, आणि ती खार अजून आमच्या अक्रोडावर नांदते आहे.

सगळी पोरं माझ्या बाकांवरची. मीच त्यांच्याकडून लढाईच्या कविता पाठ करून घेतल्या. त्यांतल्या नद्या चांदीच्या असत, आणि कोणी भिजत नसे.

तू सिनेटर आहेस. सायलसला एखाद्या सेनापतीच्या कचेरीत लिहिण्याच्या कामावर ओढून घे. इतरांसाठी मागत नाही, याची लाज वाटते. पण माझं एकच पोर आहे. मर्सीबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस. दर शनिवारी त्या माझ्यासाठी घेवड्याची हंडी घेऊन येतात.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

वॉशिंग्टन,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. भीती इथेही आहे, फक्त तिच्या अंगावर चांगले कपडे आहेत. लांब कुठे तोफ वाजली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. एका थोर पुढाऱ्याने घरच्यांचे पेटारे बांधून ठेवलेत आणि व्यासपीठावरून सांगतो, की आजच चढाई करा. मीही तेच सांगतो. टाळ्या पडतात.

सायलसला छावणीतून बोलावून घेतलं. तो म्हणाला, काका, ज्यांनी माझ्यासाठी हात वर केले त्यांना काय सांगू, की हात खाली घ्या? मी वाद घातला नाही. जनरल हॉलिस वेनराइट माझ्या शब्दावर जनरल झाला आहे. मूळचा वकील, दोन परगण्यांची मतं त्याच्या मुठीत, म्हणून मीच त्याचं नाव पुढे केलं. त्याच्याकडून सरळ हुकूम काढून घेतला. हुकमाला नाही म्हणता येत नाही. सायलस आता त्याच्या कचेरीत नक्कलकार आहे, आणि तुकडीवर जनरलचा मेहुणा कप्तान.

निघताना वेनराइटने मला विचारलं, नदी साधारण किती खोल असते? कोणती नदी, ते सांगितलं नाही. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

धाकट्यावर लोभ ठेवता तसाच ठेवावा.
आपला लूशियस

व्हर्माँट,
२६ ऑक्टोबर

चि. लूशियस यास अ. आ.

टपालकचेरीच्या दारावर लढाईत पडलेल्यांची यादी ठोकली. मर्सीबाईंना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणाल्या, मास्तर, तुम्हीच वाचा, तुमचा आवाज सवयीचा आहे. मी हजेरी घेतल्यासारखा वाचत गेलो. आपल्या गावची अकरा नावं. सातवं ओरिन टटल. उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

सायलसचं नाव नव्हतं. लोकांनी देवाची कृपा म्हणून माझे हात हातात घेतले. मर्सीबाई म्हणाल्या, तुमचा तरी वाचला. मी मान हलवली, आणि खोटं बोलायला तोंड उघडावंच लागत नाही हे कळलं. आज शनिवार. हंडी आली, नेहमीसारखी गरम. मला झाकण काढवलं नाही.

सायलसचं पत्र नाही. त्याला तिथून कोणी हलवलं, हे त्याला ठाऊक आहे का? वाईट बातमी असली तर लिहू नकोस. स्वतः ये.

दादा

वॉशिंग्टन,
३० ऑक्टोबर

तीर्थरूप दादांस,
सा. न.

येता येत नाही. वेनराइटची शिफारस कोणी केली, याचा जबाब मला दोन आठवड्यांनी चौकशीत द्यायचा आहे, तोवर शहर सोडायची मनाई आहे. सारे मित्र रस्ता बदलून जातात.

सगळ्या पलटणीला होड्या दोनच होत्या, दादा. मेहुणा पोट दुखतं म्हणून अलीकडच्या काठावर राहिला. पोरं पलीकडे कप्तानाशिवाय लढली, आणि परतताना पाण्यात गेली.

तो हुकूम मी पाहिला. नदी ओलांडण्याचा हुकूम सायलसच्या अक्षरात आहे. तुम्ही गिरवून घेतलेलं तेच टपोरं अक्षर. गोळीबार थांबल्यावर त्याने राजीनामा टेबलावर ठेवला आणि नदीच्या दिशेने चालत गेला. त्याची बदली कोणी केली, कोणाच्या पत्रावरून केली, सगळं त्याला कळलं होतं. मी माणसं पाठवली. काठावर त्याची टोपी सापडली. पुढचं मला लिहवत नाही.

क्षमा करता आली तर करावी.
लूशियस

व्हर्माँट,
४ नोव्हेंबर

चि. लूशियस यास आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी आलं. टोपीचं वाक्य मी पाच वेळा वाचलं. तुला दोष देत नाही. मागणारा मी होतो. तू जबाबात खरं ते सांग, माझ्या पत्रासकट.

फाटक वाजलं आत्ता. वाटलं, तूच आलास.

तू नाहीस. सायलस आहे. बोडक्याने, कमरेपर्यंत चिखल वाळलेला, दारात उभा आहे. आत ये म्हटलं, येत नाही. जेवलास का विचारलं, तर म्हणाला, बाबा, अकरा घरं आहेत. एकेका दारात जाऊन सांगायचं बळ माझ्यात नाही. सगळ्यांना एकदाच सांगेन. माझं, आणि तुमचंही. तुम्ही शेजारी उभे राहा.

हातातला टाक मी खाली ठेवत नाही, कारण ठेवला तर उठावं लागेल. तो माझ्याकडे बघत नाही, खिळ्याकडे बघतो आहे. दुपारचे तीन वाजलेत. ही कर्ण्याची वेळ नव्हे.