वाळूवरचं बिऱ्हाड

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
११ डिसेंबर २०२५

चि. अजिनाथ यास बानाबाईचा आशीर्वाद. बानाबाई म्हणजे तुझी आजी. ध्यानात नसंल, म्हणून सांगितलं.

इथं समदे खुशाल हायेत. फोनवर माझा आवाज आला की तू "रेंज नाय" म्हणतोस, म्हणून पत्र. कागदाला रेंज लागत नाय. लिहिणारी तुझी चुलतबहीण संस्कृती, बोलणारी मी.

तुझ्या समुद्रावरच्या मुक्कामाचे फोटो हिनं दाखवले. शेंगेच्या टरफलाएवढी नाव, तिच्या भोकात कमरेपर्यंत खोचलेला तू, हातात दोन तोंडांची पळी. संस्कृती म्हणती, तिला कयाक म्हणतात, रस्ता नाय तिथं तीच जाती. रस्ता नाय तिथं तुझं काय हरवलं होतं रं? आमचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं उघड्यावर गेलं, तवा शहरातले लोक नाक मुरडायचे. आता तू साहेब झालास आन् रजा टाकून उघड्यावर निजतोस. चूलबी पेटली नाय म्हणं, बिस्किटं खाल्ली. मेंढक्याचा नातू हाय म्हणून कुणाला सांगू नको.

बायकोला, मंजुषाला सांगितलंस, तंबू वाऱ्यानं उडाला. खोटारड्या. फोटोत तंबू गुळगुळीत वाळूवर हाय, आन् त्याच्या मागं, वरच्या अंगाला, काडीकचऱ्याची रेघ. पाणी कुठवर येतं ते करडालाबी दिसलं असतं. तंबू पाण्यानं नेला. आन् नाताळच्या सुट्टीत तिथंच चार वर्सांच्या लेकीला, ज्ञानूला नेणार म्हणतोस.

ह्या बाबतीत तुला बिनडोक म्हणायला मला तोंड नाय. का, तेबी ऐक.

तुझी आवडाआत्या सोयगावकडं नदीत गेली. तुझ्या आज्यानं पाल भलत्या जागी टाकलं, असं समदे म्हणतात. तोबी मरेस्तोवर तसंच सांगत राह्यला. जागा मी निवडली होती. कोरडी नदी, मऊ वाळू. मेंढरं खाली उतरंनात, खडकावरच अडून बसली. तो म्हणला, "जनावरं वाळूत बसंनात, आपुनबी नको." मी हसले त्याला. म्हणलं, मेंढरांचं ऐकतोस, पोरीच्या पाठीला खडे टोचतात ते दिसत नाय व्हय? वर डोंगरात पाऊस झाला. पहाटं पाणी आलं.

आवडा ज्ञानूएवढीच होती.

संस्कृती, पेन का थांबलं? लिही.

लोकांची बोलणी त्यानं चाळीस वर्सं खाल्ली आन् मी शेजारी बसून भाकरी थापत राह्यले. आता तुला आक्कल शिकवायला निघाले, बघ.

ज्ञानूला तिथं नेऊ नको. सुट्टी लागली की तिला आन् मंजुषाला हिकडं धाड. तुला यायचं तर तूबी ये, टरफलात बसून आलास तरी चालंल.

तुझी आजी
बानाबाई (अंगठा माझाच हाय)

ता.क. सुकट पाठव. मागल्या खेपेला दाताखाली वाळू आली. ह्या खेपेला नीट झटकून, पोरीच्या हाती पाठव.