लिंबूपाणी आणि खिळ्यावरची चावी

तात्या, आपल्या परमिट रूमला आता पब म्हणायचं. लाल दिव्यांचा बोर्ड आलाय. तुमी गेल्यावर थोरला मालक थकला, त्याचा पोरगा गल्ल्यावर बसला, आणि लासुर्ण्याच्या रोडला असलं तरी पुण्यासारखं दिसलं पायजे असं त्याच्या मनानं घेतलंय. दिसू दे, माझं काय जातंय. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्यावर. एक दिवस सकाळी बोलावून म्हणतो, "मामा, काउंटरवर उभं राहायचं तर सर्टिफिकेट लागंल. बारामतीत कोर्स निघालाय. पास झालात तर काउंटर तुमचं, न्हाय तर मागं भांड्याकडं. पगार तोच." पगार तोच म्हणं, जसा काय मी पगारासाठी भांडत व्हतो. उभा जल्म त्या फळीमागं गेला, केस तितंच पांढरं झालं, आणि आता मी दारू वाढायला लायक हाय का न्हाय हे परकं माणूस ठरवणार. मी म्हणलं, "नोकरनाम्यावर माझं नाव हाय, एक्साइजचा शिक्का हाय, आणि काय पायजे?" तर म्हणतो, "ते सरकारला. हे गिऱ्हाइकाला, भितीवर लावायला." आचारी आतनं बोललाच, "फोटोला दाढी करून जावा मामा, न्हाय तर लोक बघून बिल न देताच पळत्याल."

तुमी माझी परीक्षा घेतली ती मागल्या दारात, बादलीवर बसून. मी चौथी शिकलेला, अंगात चुलत्याचा शर्ट. तुमी इचारलं, "पितोस का?" मी म्हणलं, न्हाय. "प्यावी वाटती का?" मी म्हणलं, ठाऊक न्हाय. "मग ये," म्हणला, "वाटत न्हाय म्हणला असतास तर हाकलला असता." झाला कोर्स. पुढं पावसाळा सरंपर्यंत नुसतं गिलास धुवायला लावलं. गिलास उजेडाकडं धरायचा, बोटाचा ठसा दिसला की परत टबात, तोंडानं एक शब्द न्हाय. कारखान्यातला एक फिटर खुर्चीतनं उठायला गेला आणि दोन टेबलांच्या मधी बसला, मला हसू आलं. तुमी माझं मनगाट धरून मागं नेलं. अजून तिथला शेवाळलेला दगूड दिसतो मला. "हसायचं आसंल तर तमाशाला जा," म्हणला. "त्यो माणूस घरी पोचंपर्यंत आपला हाय." रागानं न्हाय म्हणला, म्हणून जास्त लागलं.

तुमचं घराणं मेंढरामागं फिरलेलं, तुमी बी पोरपणी फिरलेले. दारातनं आत येणाऱ्याला तुमी तसंच बघायचा. कोण लंगडतंय, कोण मागं राहतंय, कोण खात न्हाय. न खाणाऱ्याला आधी फुटाणे आणि उकडलेली अंडी, मग बाटली. एखाद्याचा आवाज चढला की हसत हसत गाडीची चावी मागून घ्यायची आणि भितीच्या खिळ्याला अडकवायची. त्या खिळ्याला तुमी मेंढीच्या गळ्यातली घंटा बांधलेली. कुणी गुपचूप चावी काढाय गेला की घंटा वाजायची, सगळी खोली हसायची आणि माणूस लाजून बसायचा. मग जाताना मोठा गिलास लिंबूपाणी, मीठ जरा जास्तच, तुमच्या हातचं. ते पिऊन माणूस नीट बोलाय लागला, की चावी त्याच्या हातात. "जावा आता, सावकाश." काउंटर माझ्या ताब्यात दिलं त्या दिवशी तुमी दुसरं काय सांगितलं न्हाय, घंटेला बोट लावलं आणि म्हणला, "ही तुझी. काढू नको." ह्या बोर्डवाल्यानं, थोरल्या मालकाच्या पोरानं, रंग देताना काढाय घेतली व्हती. मी खिळ्यापुढं उभाच राह्यलो.

तर गेलो बारामतीला. कपड्याच्या दुकानावरच्या माडीवर वर्ग, समदी पोरंपोरी, मधी मी. शिकवायला एक मॅडम, पुण्याच्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. पयल्या दिवशी वाइनचा गिलास दांडीला कसा धरायचा. लासुर्ण्यात वाइन कोण पितंय, उसाचा ट्रॅक्टर लावून आलेला माणूस दांडी धरणाराय का? दुसऱ्या दिवशी हसायचं कसं. तात्या, खोटं सांगत न्हाय, आरशापुढं उभं करून हसायला शिकवलं. मी पाय आपटत जिना उतरायचो आणि एस्टीत बसून तुमाला शिव्या द्यायचो, की एवढं शिकवलं तर एक कागद तर करून ठेवायचा.

मग एक दिवस मॅडमनी इचारलं, "गिऱ्हाईक जास्त प्यायलं असेल तर काय कराल?" पोरं खाली बघाय लागली. मी हात वर केला, पयल्यांदाच. म्हणलं, चावी काढून घेतो. बाईचं तोंड खुललं. "वा काका. मग?" मग काय, मी फुगलोच. म्हणलं, "मग लिंबूपाणी पाजतो, मीठ घालून. उतरली की चावी परत." त्या हसल्या न्हायत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, लिंबूपाण्यानं उतरत नाही. कॉफीनं नाही, आंघोळीनं नाही. माणसाला तरतरी आल्यासारखी वाटते, पण दारू अंगात तेवढीच असते. ती फक्त वेळेनं जाते." मी म्हणलं, "मी डोळ्यानं बघितलंय बाई. डुलणारी माणसं सरळ चालत गेल्यात." त्या म्हणाल्या, "दारापर्यंत ना? पुढं बघितलंय का कधी?" मी खाली बघाय लागलो. मग त्यांनी इचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्या दिवशी एस्टीत मला काय काय वाटलं ते तुमी समोर असता तर तोंडावर बोललो असतो. तुमी मेल्याचा फायदा घेताय. कुणाला इचारलं व्हतं तुमी? कुठल्या मेंढराला लिंबू पाजून बघितलं व्हतं? चावी घ्यायची अक्कल तुमाला आली, घंटा बांधायची आली, मग ती चावी परत द्यायची एवढी घाई का? घरी पोचंपर्यंत आपला म्हणायचं आणि दारात सोडून द्यायचं. आणि मी बी तसाच, तुमी केलं म्हणून केलं. आपण दारात सोडलेली माणसं ज्या कालव्याच्या वळणावरनं घरी जायची, तिथनं एस्टी गेली तशी मान फिरवून बघितलं. तितं काय नव्हतं, उसच व्हता. पण बघितलं.

परीक्षेच्या कागदावर तोच प्रश्न आला. नशा कशानं उतरती, चार उत्तरं, एकावर खूण करायची. लिंबूपाणी दुसऱ्या नंबरला व्हतं. खरी खूण केली तर तुमी खोटं ठरता, तुमची केली तर माझं काउंटर जातंय आणि म्हातारपणी तुमच्या गिलासाच्या टबापाशी परत. शेजारची पोरगी खूण करून मोकळी. मी पेन धरून बसलो. शेवटाला 'वेळ' लिवलेल्या उत्तरावर खूण केली. काउंटरसाठी केली म्हणलो तर सोपं हाय, पण तसं न्हाय. वळण दिसत व्हतं.

पास झालो. फोटोसकट भितीवर लागलोय. आचारी रोज उदबत्ती ओवाळायची धमकी देतो.

परवा दुपारी कळंबचा दूध संकलनवाला आला, तुमच्या वेळेपासनं येतोय त्यो. चांगली चढली त्याला. चावी घेतली, जेवाय घातलं, लिंबूपाणी दिलं. पिऊन, मिशी पुसून, हात पुढं. "द्या मामा." मी म्हणलं, न्हाय. "आवो, चांगला बोलतोय की." म्हणलं, बोलताय, पण बसा, तुमच्या पोराला फोन केलाय. त्यो तांबडा झाला. उठून खिळ्याकडं गेला, घंटा वाजली, पण नव्या गाण्याच्या दणक्यात कुणालाच ऐकू गेली न्हाय. मीच तेवढा वाटंत आडवा उभा राह्यलो. त्यो माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणला, "तात्या असते तर दिली असती."

मी म्हणलं, "व्हय. दिली असती."

"मग?"

"मग काय न्हाय. बसा."

पोरगं येईपर्यंत त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. जाताना सांगून गेला, परत ह्या दारात पाय ठेवणार न्हाय. अजून तरी आला न्हाय. बोर्डवाला माझ्यावर डाफरला, "मामा, सर्टिफिकेट गिऱ्हाईक वाढवायला काढलं, घालवायला न्हाय. असंच चाललं तर बघू पुढं." बघ म्हणलं. जोवर फळीमागं मी हाय तोवर असंच चालंल. पुढचं त्यो आणि त्याचा बोर्ड.

हे लिवून झालं. पाठवायचं कुठं, तुमच्या घरात आता कोण राहत न्हाय. घडी घालून घंटेमागच्या फटीत सारतो, तितं कुणाचा हात जात न्हाय. एकच राह्यलं. मॅडमनी कुणी शिकवलं इचारलं तवा मी म्हणलं, कुणी न्हाय, लोक करत्यात तसंच केलं. तुमचं नाव घेतलं न्हाय. तुमाला झाकलं का तुमची लाज वाटली, अजून ठरंना. लिंबूपाणी अजून देतो, तात्या. मीठ जरा जास्तच घालून.