माळ्यावरची तुटकी तार

८ मे १९५८, गुरुवार. जुन्नर

पुण्याहून निघताना, ज्यांच्या हाताखाली वायरिंग शिकलो त्या मिस्त्रींनी ही वही हातात ठेवली. म्हणाले, हौशीराम, केलेलं काम रोज लिहीत जा, हात सुधारतो. तर आजपासून सुरुवात.

जुन्नरला वीज नवी आणि वायरमन दोनच. मी तिसरा, त्यामुळे कामाला तोटा नाही. टांग्यातून सामान उतरवताना बायको, गोजर, एकसारखी हसत होती. तिला सातवा लागलाय. पुढच्या महिन्यात तिला बोरीला माहेरी पोचवायचं, तोवर आमचा दोघांचा संसार इथं. घरमालकीण ताजबी, चाळिशीच्या, गेल्या वर्षी नवरा वारलेला. घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या सासूबाई, जन्नतबी. मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. खिडकीतून अख्खा शिवनेरी दिसतो. गोजरनं लगेच चूल मांडली.

घरात दिवे लागतात, पण भिंतीवरचे प्लग सगळे बंद. मी बघू का म्हणालो, तर ताजबी राहू द्या म्हणाल्या. पण आतून म्हातारीनं हाक मारली. लेकानं आणलेला पंखा वर्षभर कोपऱ्यात पडलाय, उकाड्यानं जीव जातोय, तेवढा चालू कर म्हणाली. ताजबी पदर सावरत चुलीकडं निघून गेल्या.

९ मे

जन्नतबींच्या खोलीतला प्लग उघडला. स्क्रू घट्ट, पितळ स्वच्छ, तारा शाबूत. तपासायचा दिवा लावून पाहिला, वीज नाही. दोष काही सापडेना म्हणून सगळं होतं तसं बसवलं. शेवटचा स्क्रू आवळताना बोटाला झिणझिण्या आल्या आणि पंखा आपोआप सुरू झाला. का झाला ते कळलं नाही. पण चालू झाला. म्हातारी खूष. "लई ग्वाड वारा हाय, पोरा," म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

११ मे

बाहेर उन्हाचा वणवा आणि जन्नतबी गोधडी मागतायत. हात धरून पाहिला, विहिरीच्या पाण्यासारखा गार. पंखा बंद करू का विचारलं, तर नको म्हणाल्या. डॉक्टर येऊन गेले. वयच झालंय म्हणाले.

१२ मे

जन्नतबी सकाळी गेल्या. पंखा चालूच होता.

१३ मे

पंखा डोळ्यांसमोर नको म्हणून ताजबींनी तो कोठीत ठेवला होता. गोजरला उकाडा सोसेना, म्हणून मी मागून आणला. आमच्या खोलीतला प्लगही बंदच होता. उघडला, आवळला. पुन्हा त्याच झिणझिण्या, पुन्हा तसाच चालू झाला. गोजर दुपारी गाढ झोपली. बऱ्याच दिवसांनी.

१४ मे

गोजरला हुडहुडी भरलीय. पाय गार. सकाळी माझा हात पोटावर ठेवून म्हणाली, "कालपासनं पोर हललं न्हाई वो."

सुईण कुशाबाईला बोलावलं. तिनं पोटाला कान लावला, बराच वेळ लावून बसली. धुगधुगी हाय म्हणाली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

मला जन्नतबींची गोधडी आठवली. ही वीज येते कुठून ते बघायला माळ्यावर चढलो. प्लगांची तार दिव्यांच्या तारेपासून वेगळी, तुळईवरून गेलेली. तिच्या मागोमाग सरकत गेलो. मेन स्विचपासून हातभर अलीकडे ती तुटलेली आहे. दोन्ही टोकं हवेत लोंबतायत. कशालाच लागलेली नाहीत. वर्षभराची धूळ त्यांच्यावर.

आणि खाली पंखा फिरत होता.

धावत खाली आलो, पंख्याची वायर प्लगमधून उपसली. पंखा थांबला नाही. वायर माझ्या हातात आणि तो फिरतोच आहे. पाती धरून मोडली. गोजर तशीच गार.

१५ मे

ताजबींना माळ्यावरचं सांगितलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. घराची वायरिंग त्यांच्या नवऱ्यानं, नवाबभाईंनी स्वतः केली होती. माळ्यावर शेवटची जोडणी करताना दोन्ही तारा त्यांच्या हाताला चिकटल्या. ताजबींचा भाऊ मेहबूब, त्यानं तार कापून त्यांना सोडवलं, पण तोवर सगळं संपलं होतं. त्यानंतर प्लग चालू करायला हात लावला की नवाबभाई बोटाला धरतात, असं मेहबूब म्हणायचा. ताजबींना ते खूळ वाटलं. "भाड्यानं कुनी येनार न्हाई म्हनून बोलले न्हाई, भाऊ. माझ्या सासूला मीच घालवलं," म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबला.

मला रागही आला नाही. प्लग मीच उघडले होते.

१६ मे

मेहबूबच्या बैलगाडीतून गोजरला बोरीला न्यायला निघालो. वेशीपर्यंत बरी होती. नदीच्या उतारावर श्वास अडकला. ओठ काळेनिळे. गाडी मागं वळवली — घराच्या दारात आल्यावर श्वास सुटला.

तार तिच्यापर्यंत पोचलीय. तुटत नाही. प्लग भिंतीतून उचकटले, फोडले. काही उपयोग नाही. पोर हलत नाही.

१७ मे, सकाळी

पुन्हा माळ्यावर. लोंबतं टोक चिमटीत धरलं — झिणझिण्या कोपरापर्यंत. खालून गोजर ओरडली — हललं वो, हललं —

सोडलं की थांबतं. धरलं की हलतं.

नवाबभाईंना धरायला कुणीतरी हवंय. कुणीही.

१७ मे, दुपार

डाव्या हाताला तार गुंडाळून घेतलीय. ताजबींना सांगितलं, आत्ता न्या तिला, मी तार धरून आहे तोवर. गोजर येत नव्हती. खालून शपथा घालत होती. मेहबूबनं उचलून गाडीत घातली. घुंगरं ऐकू आली. मग नाही.

खांद्यापर्यंत हात माझा राहिला नाही. गार. मनगटावर कुणाची तरी बोटं — घट्ट — बुडणाऱ्या माणसासारखी. नवाबभाई, मला ओढू नका अजून. गाडी वेशीवर असेल. जरा थांबा.

आता नदी. उतार. आता तिचा श्वास —

गार छातीत आलं.

सोडणार नाही. पलीकडं चढ लागेपर्यंत. गोजर, पोराला — पोर हलतंय ना, तेवढं मला —