तोंड पुसण्याआधी

आंध्रचा किनारा,
२८ नोव्हेंबर १९७७

ती. अक्कास,
चंद्रभानचा सादर जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईला सांग, मी पाण्यात उभा नाही, चिखलात आहे, आणि फौजेचे बूट चांगले उंच आहेत. वादळात समुद्र इथल्या गावांवरून फिरून गेला. आमची पलटण अन्न वाटते, रस्ते मोकळे करते. मी पलटणीचा फोटोग्राफर, म्हणून माझ्याकडे मेलेली माणसं आली. दहन लांबवता येत नाही, तेव्हा आधी फोटो काढायचा आणि छावणीतल्या बांबूच्या तट्ट्यावर लावायचा. कुणी ओळखलं तर निदान नाव तरी लागेल.

सेलूला दत्तरावांच्या स्टुडिओत शिकलो तसंच करतो. तोंड पुसायचं, केस विंचरायचे, गळ्यापर्यंत पांढरी चादर. घरच्यांना भिंतीवर लावता यावा असा फोटो. पण इथे कुणी ओळखतच नाही. नागम्मा नावाची एक कोळीण रोज येते, मुलगी शोधते. दुभाष्यानं सांगितलं, ती म्हणते की या सगळ्या पोरी एकाच आईच्या दिसायल्यात. माझं काय चुकायलंय ते कळेना. तू मास्तरीण, तूच तपासून सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा चंदू

वालूर,
७ डिसेंबर १९७७

चि. चंद्रभानास,
कमलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई बरी आहे. कापूस वेचणीला जाऊ नकोस म्हटलं तरी जाते आणि संध्याकाळी कंबर धरून तुझ्या नावानं बोटं मोडते. सून आणल्याशिवाय चंदूशी बोलायची न्हाई म्हणते आणि पोस्टमन दिसला की पहिली तीच धावते. काल सहा डिसेंबर, विहारात सगळे जमलो होतो. तिकडच्या वादळात गेलेल्यांसाठीही घटकाभर उभे राहिलो.

तपासून सांग म्हणालास, म्हणून सांगते. सहा वर्षं गिळून बसले होते. एकाहत्तरच्या लढाईत तुझे दाजी गेले, दहनही तिकडेच झालं. मला तू काढलेला फोटो तेवढा आला. चादर गळ्यापर्यंत, तोंड लख्ख, आणि केसांचा भांग. त्यांनी जन्मात कधी भांग पाडला नव्हता. गंगाखेडच्या जत्रेत माझं नाव गोंदवून घेतलेलं त्यांचं मनगट मी त्या फोटोत शोधत राहिले. तू तिथे होतास, तू खोटं सांगणार नाहीस, हे डोक्याला पटतं. तरी देवगाव फाट्यावर एसटीतून कुणी फौजी उतरला की मी अजून थांबून बघते. मंगळसूत्र काढलेलं नाही. आईनं त्यांच्या पुण्यानुमोदनाचं, शेवटच्या विधीचं, नाव काढलं की भांडून उठते.

तुझा हात मायेचा आहे, चंदू, पण त्या मायेनं माणूसच पुसला जातो. त्या बाईला तिची पोर दाखव, तू विंचरलेली नको.

मोठी आहे म्हणून एवढं बोलले. राग धरू नकोस.
तुझी अक्का

छावणी,
१५ डिसेंबर १९७७

ती. अक्कास,
सादर जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मग कामाला लागलो. उजेडाचा अंदाज घ्यायला, तोंड पुसण्याआधी एक फोटो काढायची माझी पहिल्यापासूनची सवय. तो कधी छापत नाही. या खेपेला सगळ्या फिल्म बाहेर काढल्या आणि नेमके तेच छापले. चिखल, फाटकी लुगडी, हात, बांगड्या, सगळं आहे तसं. साहेब म्हणाले, असले फोटो लोकांना दाखवायचे नसतात. मी सांगितलं, वर पाठवायला तोंड पुसलेले घ्या, तट्ट्यावर हेच लागतील, नाहीतर मला कॅमेऱ्यावरून काढून फावड्यावर घाला. मग साहेबांनीच टाचण्या आणून दिल्या.

नागम्मानं परवा फोटोत मुलगी ओळखली. परकराला तिनंच जाळ्याच्या दोऱ्यानं ठिगळ लावलं होतं. खूप रडली. मुलीचं नाव सांगितलं, ते मी फोटोखाली लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर, दुसऱ्या बायकांना हाताला धरून तट्ट्यापाशी आणायला. अजून बरेच बिननावाचे आहेत. ते संपेपर्यंत मी रजा मागणार नाही.

दाजींचं म्हणशील तर ते दाजीच होते, अक्का. चादर मीच ओढली. माझ्यावर विश्वास ठेव आणि मन मोकळं कर.

आईला जयभीम. दोघी जपून राहा.
तुझा चंदू

वालूर,
२३ डिसेंबर १९७७

चि. चंद्रभानास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

साहेबांना माझा जयभीम सांग. नागम्माचं वाचून दाखवलं तेव्हा आई पदरानं डोळे पुसत होती. पोरानं लय चांगलं केलं म्हणाली, आणि लगेच सुनेवर आली.

पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सवय पहिल्यापासूनची आहे म्हणतोस. मग दाजींचं तोंड पुसण्याआधीही तू एक फोटो काढला असणार. तो तुझ्यापाशी आहे, आणि मला सोसणार नाही म्हणून तू त्याबद्दल अक्षर लिहिलं नाहीस. मला काय सोसेल ते तू ठरवू नकोस. नागम्माला दाखवलंस, तिनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती उठून कामाला लागली. मलाही उठायचं आहे.

आईला सांगून ठेवलंय, फोटो आला की पुण्यानुमोदन करायचं. तोवर मंगळसूत्र गळ्यातच राहील.

लोभ आहेच. फोटो रजिस्टरनं पाठव, आणि त्यावर हात फिरवू नकोस.
तुझी अक्का